तो व्हिडिओ तू पुढे पाठवलास

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय सोन्या,

दुपारी बोलायला आले तर तू दार लावून घेतलंस, म्हणून लिहिते आहे. उद्या क्लासला जाण्याआधी वाच.

परवा भाजी घेताना तुझ्या वर्गातल्या त्या मुलाची आई भेटली. मेथीची जुडी हातात धरून बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली, "चार दिवस झाले, शाळेत जात नाही. पोट दुखतं म्हणतो." वक्तृत्व स्पर्धेत तो 'म'वर अडला, पुन्हा पुन्हा अडला, आणि कुणीतरी ते मोबाईलवर घेऊन त्याला ढोलाचा ठेका लावला, एवढं तिला कळलं होतं. पुढे कुणी कुणी पाठवलं हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. आदल्याच दिवशी तुझ्या मामेभावाने मला तो व्हिडिओ दाखवला होता, आणि त्याला तो तुझ्याकडून आला होता. मी तिच्याकडे न बघता कोथिंबीर निवडत राहिले.

तू म्हणालास, "मी कुठे बनवला? मी फक्त फॉरवर्ड केला." सोन्या, बनवणारा एकच होता. त्या एकाचं हसणं त्या पोराने सोसलंही असतं. पण व्हिडिओखाली एकामागून एक हसरे चेहरे आले आणि त्यात तुझा होता. दुसरीपासून ज्याच्या डब्यातली थालीपीठं तो खातो त्याचा. तो घरी बसलाय तो त्यामुळे, असं मला वाटतं.

तुझ्यावर आवाज चढवला तेव्हा मला माझंच काही आठवत होतं. गेल्या वर्षी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या मागे सगळे लागले होते. त्यांच्या गाडीचा फोटो, त्यावर टोमणे, मग त्या एकट्या राहतात यावरही बोलणं. साठीच्या बाईला चांगली शिकली-सवरलेली माणसं रात्री अकरापर्यंत टोचत होती. मी सगळं वाचलं, फोन उलटा ठेवला आणि झोपले. काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. यंदा गणपतीच्या आरतीलाही खाली आल्या नाहीत. परवा मेथीची जुडी धरलेली ती बाई पाहिली आणि काल मी काकूंकडे जाऊन आले. माफी मागितली. त्यांनी चहा केला, पण त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

व्हिडिओ आता 'सगळ्यांसाठी डिलीट' केलास तरी पुरणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय अडीच दिवसांपुरतीच असते, आणि तुझ्याकडून ज्याने पुढे पाठवला त्याच्याकडची प्रत तशीच राहते. म्हणून ज्याला ज्याला पाठवलास त्याला एकेकाला लिहावं लागेल. क्रिकेटच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन तूच आहेस ना? अ‍ॅडमिनला दुसऱ्याने टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो. तिथून सुरुवात कर.

आता थोडं तुझ्याबद्दल. उद्या तुझ्यावर अशी वेळ आली तर तू मला सांगशील का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. तुम्ही मुलं सांगत नाही, कारण सांगितलं की घरचे आधी फोन काढून घेतात. मीही तुला तशी धमकी दिली आहे. ती आज मागे घेते. फोन तुझ्याकडेच राहील. तू नुसतं येऊन सांग, मध्यरात्री उठवलंस तरी चालेल.

आणि घाबरून काही पुसून टाकू नकोस. आधी स्क्रीनशॉट घे, त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसू दे. लिंक जपून ठेव. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. तुझ्या नावाने कुणी खोटं खातं काढलं, धमकी दिली, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाजीनगरला सायबर पोलीस ठाणं आहे, आपण दोघं जाऊ. मला सांगायची लाज वाटली तर 1098 लाव, ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, रात्रीही उचलतात. आणि कुणी तुझा नको तसा फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे मागितले, तर एक रुपयाही द्यायचा नाही. एकदा दिले की मागणी वाढत जाते. 18 वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सोय आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि त्यावरून या सोयीत सामील असलेल्या कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात. मोठ्यांसाठीही अशीच वेगळी सोय आहे. तुझ्या ताईलाही हे सांगणार आहे.

उद्या संध्याकाळी मी तुला त्याच्या घरी घेऊन जाते. मी खाली स्कूटरपाशी थांबेन, वर तू एकटा जा. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. तो बोलताना अडला तर त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस, त्याला त्याचा वेळ घेऊ दे.

थालीपीठं करून ठेवते. डबा घेऊन जा.

तुझी,
आई