झाडाला गुरुत्व कळतं, गुरू नाही

संपादक महोदय,

ग्रहांच्या स्थितीवर झाडांची वाढ ठरते असं परवा तुमच्या पुरवणीत वाचलं आणि राहवलं नाही. गुरुत्वाकर्षणाचं खरंय, रोपाची कुंडी आडवी करून ठेवा, काही तासांत शेंडा वर वळायला लागतो, कारण पेशींमधले स्टार्चचे जड कण तळाशी बसतात न् झाडाला खाली कुठे ते कळतं. इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ थॉमस नाइटने १८०६ साली फिरत्या चाकावर बिया रुजवल्या तर मुळं चक्क बाहेरच्या दिशेने गेली, चाकाच्या फिरण्याने बाहेर फेकणारी ओढच त्यांना 'खाली' वाटली! जमिनीवर ताठ उभं राहायला झाडांना लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) लागलं, ही झाली उत्क्रांती. पण गुरू-शनी? भरती-ओहोटी आणणाऱ्या चंद्राच्या ओढीपुढे गुरूची तशी ओढ लाखातला एक भागही नाही. त्यापेक्षा खिडकी उघडा, उजेडाने जास्त फरक पडेल.

– एक वाचक