घुग्घुसची ओळख लिहितोय, खदानीत उतरलेल्यांची मदत हवी

घुग्घुसकरांनो, नमस्कार.

आपल्या वाचनालयातर्फे गावाची ओळख करून देणारी पुस्तिका काढायचं ठरलंय. चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस म्हटलं की वर्धा नदी, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या) कोळसा खदानी, सिमेंट कारखाना आणि धूळ, एवढं कुणीही सांगतं. २०११ च्या जनगणनेत ३० हजारांवर लोकसंख्या गेली, तरी २०२० संपत येईपर्यंत इथं ग्रामपंचायतच होती, आता नगर परिषद आहे. एवढा मजकूर चार पानांत उरकेल. (त्यातलं एक पान धूळच खाईल.)

अडलंय ते जमिनीखाली. २६ ऑगस्ट २०२२ ला आमराई वॉर्डातलं एक घर उभंच्या उभं जमिनीत गेलं. घरची माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली. शेजारच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. अशा खाणीत कोळसा काढताना छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब राखतात आणि काम संपलेल्या भागात वाळू भरतात. आपल्या गावाखाली हे कुठं, कसं झालं? नकाशे दप्तरात असतील, पण पाणी कुठं लागायचं, छत कुठं बोलायचं (म्हणजे कोसळण्याआधी कडकडायचं), हे तिथं पाळी केलेला माणूसच सांगेल. राष्ट्रीयीकरण १९७३ चं. त्याआधी कामाला लागलेल्यांनी आता सत्तरी ओलांडलीय, त्यामुळे घाई आहे.

म्हणून लोडर (कोळसा भरणारे), ट्रामर (कोळशाच्या गाड्या ढकलणारे), मायनिंग सरदार (खालच्या कामावर देखरेख करणारे), पंपवाले, जे कुणी खाली उतरले असतील त्यांनी यावं. तेलुगूत सांगा, हिंदीत सांगा, मराठीत आम्ही उतरवून घेऊ. ज्या बायांनी खदानीच्या पाळीच्या भोंग्यावर घरं चालवली, त्यांनाही हेच आमंत्रण. ट्रंकेत हजेरीचं कार्ड, नंबर ठोकलेला पितळी बिल्ला, जुना फोटो असेल तर आणा. समोरच फोटो काढून वस्तू लगेच परत देऊ. चालवत नसेल तर निरोप धाडा, आम्ही घरी येतो.

छपाईसाठी पैसेही लागतील. कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरलंय, नाहीतर खालचं लिहिताना हात आखडतो. दहा रुपये दिले तरी पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल. वाचनालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं.

– पुस्तिका समिती, वाचनालय, घुग्घुस