पूल आणि पलीकडचे

वाई,
२ मार्च २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

खडकीच्या मेळाव्यात जेवताना तू म्हणालास, "सितांगच्या पुलावरच्या त्या ब्रिगेडियरचा धीर सुटला, दुसरं काय!" म्हणजे १९४२ साली ब्रह्मदेशात जपान्यांपुढून माघार घेताना आपली माणसं पलीकडे असतानाच इंग्रजांनी उडवलेला तो पूल. सगळे हसले. मी भात कालवत गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे. बोलायला तोंड उघडलं असतं तर माझी ती जुनी भानगड निघाली असती, आणि वहिनी समोर होत्या. म्हणून आता लिहितोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, कागद तरी ऐकून घेशील.

मध्यंतरी रत्नागिरीला सूनबाईच्या माहेरी गेलो होतो, तेव्हा थिबा पॅलेस पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून त्याला राणीसकट बोटीवर घातलं आणि पुढे कोकणात आणून ठेवलं. तो इथेच १९१६ साली वारला. त्या व्हरांड्यात उभं राहिलो तेव्हा डोक्यात तुझंच वाक्य घोळत होतं. राजाला बाहेर काढायला यांच्याकडे बोट होती, पहारा होता, सगळं वेळेवर होतं. ५७ वर्षांनी त्याच ब्रह्मदेशातून स्वतःला निघायची वेळ आली तेव्हा कुणाचा पाय कुणाच्या पायात नव्हता! बायको म्हणाली, "समुद्र बघा, काय भिंतींकडे बघताय." तिलाही तुझ्यासारखंच, लढायांचं काही सांगू नये.

आता पुलाचं ऐक. ब्रह्मदेशातलं मौलमेन ३१ जानेवारी १९४२ ला जपान्यांच्या हाती पडलं. १७व्या भारतीय डिव्हिजनच्या मागे सितांग नदी आणि तीवर एकच रेल्वेचा लोखंडी पूल, ज्यावर फळ्या ठोकून गाड्यांची सोय केलेली. डिव्हिजनचा जनरल स्मिथ, व्हिक्टोरिया क्रॉसवाला. तो आधीपासून सांगत होता की मला नदीच्या मागे येऊ द्या, तिथे लढतो. वरच्यांना प्रत्येक मैल लढवून हवा होता. परवानगी आली १९ फेब्रुवारीला. मग धुळीची एकच वाट, पाणी नाही, आणि २१ तारखेला आपल्याच बाजूच्या विमानांनी आपल्याच रांगेवर गोळ्या झाडल्या. पुलावर रात्री एक लॉरी फळ्यांवरून घसरून अडकली आणि मागची सगळी रांग तासन्‌तास खोळंबली. तू एमटीत, मोटार ट्रान्सपोर्टात होतास, तुला सांगायला नको की रात्रीच्या एका अडकलेल्या गाडीने काय होतं.

२२ ला सकाळी जपानी पुलाच्या तोंडाशी आले. डिव्हिजनचा बराच भाग अजून पलीकडे, पूर्वेच्या काठावर. सुरुंग लावून बसले होते मालेरकोटला संस्थानचे सॅपर, म्हणजे लष्करातले पूल बांधणारे आणि उडवणारे. आपलेच भाऊबंद म्हणायचे. दिवसभर पुलावर मशीनगनचा मारा चालू. रात्री ब्रिगेडियर ह्यू-जोन्सने फोन केला की उजाडल्यावर पूल हातात राहील याची खात्री मी देऊ शकत नाही. स्मिथने पूल उडवायला होकार दिला. २३ ला पहाटे साडेपाचला पूल उडाला. सांगतात की दोन्ही काठांवरचा गोळीबार क्षणभर थांबला होता. पलीकडच्यांना आवाजावरूनच कळलं की आपण मागे राहिलो.

मग लोक नदीत उतरले. बांबू, रिकामे पेट्रोलचे डबे, दारांची फळकुटं, हाताला लागेल ते बांधून. गुरख्यांतले कितीतरी जण डोंगरातले, पोहणं माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली तेव्हा डिव्हिजनच्या पायदळात ३,४८४ माणसं उरली होती आणि त्यांच्यात रायफली १,४२०. अनेकांच्या पायांत बूट नव्हते. स्मिथला काढलं, त्याला पुन्हा कधी लढाईत कमांड मिळाली नाही. पुलाचा डाग त्या दोघांच्या नावावर पडला तो पडलाच.

तू म्हणतोस धीर सुटला. अरे, पण पूल शाबूत हाती लागला असता तर जपानी दोन दिवसांत रंगूनच्या वेशीवर असते. नदी ओलांडायला त्यांना ३ मार्च उजाडला. तेवढ्या अवधीत ७व्या आर्मर्ड ब्रिगेडचे रणगाडे रंगूनच्या धक्क्यावर उतरून पुढे गेले, आणि त्याच रणगाड्यांच्या आडोशाने पुढे हजार मैल माघार झाली. चूक पुलावर झाली असं मला वाटत नाही. ती त्याआधी झाली, नकाशासमोर, जेव्हा नऊशे वेळा विचारूनही "मागे या" म्हणायला कुणी तयार नव्हतं. मग उरलेलं ओझं पहाटे साडेपाचला एका माणसाच्या अंगावर येतं.

हे मी का सांगतोय ते तुला एव्हाना कळलं असेल.

मुळेच्या काठावरचा तो एक्झरसाइज. डिसेंबरची थंडी. रिझर्व्ड डेमोलिशन, म्हणजे वरून हुकूम आला तरच उडवायचा पूल. लेखी ऑर्डर हातात आल्याशिवाय हात लावायचा नाही, हे उस्तादांनी घोकून घेतलेलं. फायरिंग पॉइंटवर मी, नकली सुरुंग, खरा एक्सप्लोडर. पलीकडे तुझी प्लाटून. पहाटे अंपायर, म्हणजे एक्झरसाइजचा निवाडा करणारा, कानाशी येऊन म्हणाला, "दुश्मन शंभर कदम पे." ऑर्डर घेऊन येणारा हवालदार दिसेना. पलीकडून बूट वाजत होते. तुमचे की दुश्मनाचे, धुक्यात कळेना. मी वाट पाहिली असेल एक मिनिट. मला ते अजून एक तास वाटतं. आणि मूठ फिरवली.

बूट तुमचे होते. अंपायरने तुम्हा अठ्ठावीस जणांना मेलेले ठरवलं. उस्तादांनी मला पाठीवर सँडबॅग घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ते तू सगळ्यांना सांगतोस. पण नंतर त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "और एक मिनट रुकता, और दुश्मन होता, तो?" मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. म्हणून त्या ह्यू-जोन्सवर कुणी हसलं की माझ्या घशात घास अडकतो.

बरं, एवढ्याने पत्र संपत नाही. पुलाबद्दल वाचता वाचता मी भलत्याच माणसांपाशी जाऊन पोचलो.

रंगून तेव्हा निम्म्याहून जास्त भारतीयांचं शहर. तेलुगू, उडिया, तमिळ, चितगावचे. गोदीतले हमाल, झाडूवाले, रिक्षा ओढणारे, सावकार, कारकून. २३ डिसेंबर १९४१ ला पहिले बॉम्ब पडले आणि हे लोक बोचकी घेऊन प्रोमच्या रस्त्याला लागले. गोदी बंद, कचरा रस्त्यावर. तेव्हा साहेबांना कळलं की शहर चालतं कुणावर. प्रोमपाशी रस्ता अडवला, समजूत घालून हजारोंना परत फिरवलं, कारण जहाजं उतरवायला हात हवे होते. दोन महिन्यांनी शहर सोडायचा हुकूम निघाला. ज्यांच्या गाडीवर 'ई' अक्षराची पाटी, ते कामाचे म्हणून थांबायचे, बाकीच्यांनी जायचं. परत आलेल्या हमालाला आता परत जायला ना बोट ना आगगाडी. ८ मार्चला जपानी रंगूनमध्ये शिरले.

मग पायी. काही टाउंगुपच्या खिंडीतून आराकानकडे, काही चिंदविन नदी ओलांडून तामू, पालेल, इंफाळ, काही उत्तरेला हुकावंगच्या दरीतून आसामात. मंडाले ३ एप्रिलच्या बॉम्बहल्ल्यात जळालं. लष्कराला रस्ता मोकळा हवा म्हणून निर्वासितांना छावण्यांत थोपवून धरत, आणि छावणीत कॉलरा. मेच्या मध्यात पाऊस लागला. गोऱ्यांना सोयीची वाट वेगळी आणि काळ्यांना वेगळी, अशी बोंब तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत झाली होती. जवळपास पाच लाख भारतीय बाहेर पडले असं धरतात. मेले किती ते कुणी मोजलं नाही, दहा हजारांपासून पुढे वाटेल तेवढे अंदाज आहेत. डिव्हिजनची मोजणी बघ, रायफलीपर्यंत चोख. हमालाची मोजणी अंदाजाने.

दिल्लीत तेव्हा परदेशातल्या भारतीयांचं खातं आपल्या बापूजी अण्यांकडे होतं. यवतमाळचे लोकनायक अणे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसून या फाइली बघणं सोपं नसणार. टिळकांचा माणूस, आणि टिळकांनी सहा वर्षं काढली ती त्याच मंडालेच्या तुरुंगात. १९४३ साली गांधीजींच्या उपोषणावरून त्यांनी ती जागा सोडली.

शेवटी १० मेला श्वेजिनचा धक्का. चिंदविनवर आगबोटी मोजक्या, वरून जपानी गोळे. रणगाडे तिथेच मोडून टाकावे लागले. एकच रणगाडा पार गेला, आणि तो पुढे आपल्या ७व्या कॅव्हलरीबरोबर पुन्हा ब्रह्मदेशात शिरला म्हणे. वाचून मला आधी आनंद झाला. मग त्याच धक्क्याच्या अलीकडे पलीकडे बसलेली माणसं आठवली आणि आनंद ओसरला. लष्कराचा माणूस म्हणून मला कळतं, रणगाडा आधी. माझीही ऑर्डर तीच असती.

असो. गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेला पट्टा बांधतोस की खुंटीला टांगलायस? एप्रिलमध्ये इकडे ये, पाचगणीला जाऊ, पण चढ नको.

आणि एक. त्या पहाटे पूल "उडाल्यावर" तुम्ही कमरेएवढ्या मुळेतून अलीकडे आलात, तेव्हा तुझा डावा बूट गाळात राहिला. नवा जोड तुला स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी काही बोललो नाही. आलास की वाईच्या बाजारातून तुला एक चांगला जोड घेऊन देतो, नको म्हणू नकोस. माप कळव, आता पाय सुजत असेल तर एक नंबर वाढवून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिवा