औंधला एक दालन द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी खटाव तालुक्यातला निवृत्त चित्रकला शिक्षक. हे पत्र एका माजी विद्यार्थ्यासाठी आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, त्यामुळे हात थरथरतो आणि चित्रातली रेघही. तो सातारा स्टँड काढतो, निळ्या बॉलपेनने, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. फलाटांचे आकडे, एसटीच्या टपावर जायच्या शिडीचे गज, काही म्हणजे काही सुटत नाही. माणूस मात्र एकही नसतो. रात्री पेटी घेऊन बसतो आणि गाड्यांच्या पाट्यांवरची गावं चालीत गातो. सूर दर वेळी लागतोच असं नाही. तरी ऐकत राहावंसं वाटतं. हे मास्तर म्हणून सांगतोय, कणव म्हणून नव्हे.

शिकागोत वेस्ली विलिस (१९६३–२००३) होऊन गेला. आजार हाच. बॉलपेन आणि मार्करने शहरातले रस्ते, बसगाड्या काढून फुटपाथवर विकायचा. कीबोर्डवर शेकडो गाणी केली. ऐकायला येणाऱ्यांत रसिक किती आणि गंमत बघणारे किती, यावर तिकडे वाद झाले. आमच्याकडे वादाचा प्रश्नच नाही, कारण कुणी येतच नाही. गावाला तो 'डोक्यावर परिणाम झालेला' एवढाच ठाऊक.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मानसिक आजार दिव्यांगत्वात धरतो. त्याचं कलम २९ दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि पाठबळ द्यायची जबाबदारी सरकारवर टाकतं. प्रमाणपत्र त्याला मिळालं. कलावंत मानधनाचा अर्ज न्यायला गेलो तर कात्रणं, सत्काराचे फोटो मागितले. ज्याला गर्दीत उभं राहवत नाही, त्यानं सत्कार आणायचा कुठून? समितीतल्या कुणी तरी घरी येऊन काम बघावं, तो पुरावा धरावा.

दुसरी मागणी आमच्या खटाव तालुक्यातल्या औंधची. तिथलं संग्रहालय शासनाचंच आहे. ते उभारणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. चित्रकार राजा रविवर्मा आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं काम तिथे एका छपराखाली आहे. गावात अंतूबुवा जोशींनी सुरू केलेला संगीत महोत्सवही आहे. म्हणजे चित्र आणि गाणं दोन्ही समजणारं गाव. तिथलं एक दालन अशा कलावंतांना द्या. निवड चित्रकारांनी करावी, डॉक्टरांनी नको. पाटीवर आजाराचं नाव घालायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्या.

आपला निरोप आला की चित्रं मी स्वतः औंधला पोचवतो. खिडकीसमोरची भिंत तेवढी देऊ नका. बॉलपेनची शाई उन्हानं उडते.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. सातारा