'निःसंशय' हा शब्द तुमचा होता

प्रति,
सर टोनी ब्लेअर,
माजी पंतप्रधान, युनायटेड किंगडम

महोदय,

सविनय नमस्कार.

२९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी गाझासाठी २० कलमी योजना मांडली आणि तिच्यातल्या 'शांतता मंडळा'त आपलं नाव घातलं. आपण त्या योजनेचं स्वागत केलंत. बेचिराख झालेल्या एका अरब मुलखाची घडी बसवण्याचं काम आपल्या हाती देण्याचं ठरलं, आणि २००३ च्या इराक युद्धाचा हिशेब अजून मिटलेला नाही. म्हणून हे पत्र.

६ जुलै २०१६ रोजी त्या युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल आला. १२ खंड, सुमारे २६ लाख शब्द. त्या दिवशी आपण दुःख व्यक्त केलंत, माफीचा शब्दही उच्चारलात, आणि पुन्हा तीच वेळ आली तर तोच निर्णय घेईन असंही सांगितलंत. आपला बचाव एकच आहे: इराककडे सर्वसंहारक अस्त्रं आहेत ही गुप्तवार्ता चुकीची निघाली, पण निर्णय प्रामाणिक होता. हा बचाव टिकत नाही. गुप्तवार्ता चुकते, म्हणूनच तिच्याबरोबर शंकेचे शब्द जोडलेले असतात. इराकच्या बाबतीत ते शब्द आपोआप गळून पडले नाहीत. ते काढले गेले. कोणी आणि कोणत्या तारखेला काढले, याचे कागद हटन (शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांच्या मृत्यूची चौकशी) आणि चिलकॉट या दोन चौकश्यांतून उजेडात आले आहेत.

हेराने सांगितलेली गोष्ट पंतप्रधानांच्या टेबलावर येण्याआधी काही पायऱ्या चढते. एमआय-६ या ब्रिटिश हेरखात्याचा अधिकारी बातमी लिहून घेतो आणि सांगणाऱ्याचं वर्णन जोडतो: त्याने स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, याआधीच्या त्याच्या बातम्या खऱ्या ठरल्या का, त्यात त्याचा काही स्वार्थ आहे का. मग संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागातले रसायनांचे, जंतूंचे, अणूचे, क्षेपणास्त्रांचे जाणकार ती तपासतात. विषारी वायू कशात भरतात आणि कशात टिकत नाही, हे हेराला ठाऊक नसतं, त्यांना असतं. त्यानंतर संयुक्त गुप्तवार्ता समिती सगळं एकत्र ठेवून मत लिहिते. 'असं सूचित होतं', 'शक्यता आहे', 'असू शकेल' हे त्या मतातले शब्द म्हणजे कारकुनी सावधपणा नव्हे, ते मोजमाप आहे. औषधाच्या बाटलीवरची मात्रा खरवडून टाकली तर आतलं औषध तेच राहतं आणि रोगी मरतो.

इराक ४५ मिनिटांत रासायनिक आणि जैविक अस्त्रं डागू शकतो, या बातमीचंच घ्या. ३० ऑगस्ट २००२ रोजी एमआय-६ ने ती बातमी पुढे पाठवली. सांगणारा माणूस नेहमीचा होता, पण त्याने ती इराकी लष्करातल्या दुसऱ्या कुणाकडून ऐकली होती. म्हणजे एकाच साखळीतून आलेली सांगोवांगी. ९ सप्टेंबरच्या समितीच्या टिपणात तिचं रूप असं होतं की रासायनिक आणि जैविक दारूगोळा लष्करी तुकड्यांकडे असू शकेल आणि २० ते ४५ मिनिटांत डागण्यास तयार होऊ शकेल. दारूगोळा कुठला? रणांगणावरचा, उखळी तोफांसारख्या हत्यारांतून जवळच्या शत्रूवर टाकायचा. पुढच्या कोठारातून तोफेपर्यंत गोळे नेऊन ती सज्ज करायला पाऊण तास लागावा, यात कुठल्याही सैन्याला नवल वाटणार नाही.

२४ सप्टेंबरला इराकच्या अस्त्रांबद्दलचा तुमच्या सरकारचा दस्तऐवज छापून आला. त्यात ४५ मिनिटं चारदा आली, एकदा तुमच्या सहीच्या प्रस्तावनेत. २० ते ४५ मधले २० गेले होते. हे गोळे रणांगणापुरते आहेत, हे एकदाही सांगितलं नव्हतं. उलट त्याच पानांमध्ये क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याचा नकाशा होता आणि त्यातलं वर्तुळ सायप्रसपर्यंत पोचत होतं. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी दोन्ही जोडलं आणि सायप्रसमधले ब्रिटिश नागरिक मृत्यूपासून ४५ मिनिटांवर आहेत असं लोकांना सांगितलं. संरक्षणमंत्री जेफ हून यांना खरी गोष्ट माहीत होती, तरी ती दुरुस्त केली गेली नाही. हे त्यांनी हटन चौकशीपुढे मान्य केलं. आणि तुम्ही ४ फेब्रुवारी २००४ रोजी संसदेच्या कॉमन्स सभागृहात म्हणालात की युद्धाच्या मतदानाच्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. मग अर्थ एवढाच उरतो: ज्या आकड्याखाली सही केली, तो आकडा कुठल्या हत्याराचा आहे, हे देशाला युद्धात नेणाऱ्या माणसाने सहा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. १२ ऑक्टोबर २००४ रोजी ती बातमी मागे घेतल्याचं परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी जाहीर केलं. हेरखात्याने शब्द मागे घेतला. तुम्ही अजून घेतलेला नाही.

आता त्या दस्तऐवजाच्या मसुद्यांकडे या, कारण खरं काम तिथे झालं. १७ सप्टेंबर २००२: तुमचे संपर्कप्रमुख अॅलिस्टर कॅम्पबेल गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष जॉन स्कार्लेट यांना लिहितात की १७ व्या पानावरचा 'शकेल' हा शब्द सारांशातल्या वाक्यापेक्षा कमजोर आहे. १८ सप्टेंबर: स्कार्लेट कळवतात की ती भाषा घट्ट केली आहे. १९ सप्टेंबर: तुमच्या कार्यालयाचे प्रमुख जोनाथन पॉवेल एका वाक्याला हरकत घेतात. आपली राजवट धोक्यात आली असं वाटलं तर सद्दाम ही अस्त्रं वापरेल, असं ते वाक्य होतं. त्याचा सरळ अर्थ, हल्ला केला नाही तर धोका नाही. ते वाक्य बदललं गेलं. शीर्षक आधी 'इराकचा सर्वसंहारक अस्त्रांचा कार्यक्रम' असं होतं; 'कार्यक्रम' हा शब्द काढला आणि अस्त्रं तयार होऊन बसली. प्रस्तावनेच्या एका मसुद्यात सद्दाम लंडनवर अणुहल्ला करू शकत नाही अशी स्वच्छ कबुली होती. छापील प्रतीत ती नाही.  बदलांची दिशा मात्र प्रत्येक वेळी तीच.

जे जाणकार अडवू शकले असते, त्यांना बाजूला ठेवलं गेलं. ११ सप्टेंबरला एमआय-६ कडे नव्या माणसाची बातमी आली: रासायनिक अस्त्रांचं उत्पादन वेगाने चालू आहे. संरक्षण खात्यातले ब्रायन जोन्स यांच्या शाखेने मसुद्यातल्या ठाम भाषेवर आक्षेप घेतला, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की एक नवी बातमी आहे, तिने शंका मिटतात, पण ती तुम्हाला दाखवता येणार नाही. रसायनं जाणणाऱ्यांनाच ती दाखवली नाही. पुढे त्या माणसाने सांगितलं की विषारी रसायन काचेच्या पोकळ गोळ्यांत भरतात. काचेत अशी रसायनं सहसा भरत नाहीत, आणि एका लोकप्रिय चित्रपटात मात्र नेमकं असंच दाखवलेलं आहे, ही शंका ऑक्टोबर २००२ मध्येच घेतली गेली. युद्धाआधी, फेब्रुवारी २००३ पर्यंत, तो खोटं बोलत असल्याचं एमआय-६ च्या लक्षात आलं होतं. बातमी रीतसर मागे घेतली जुलै २००३ मध्ये. तोवर बगदाद पडून तीन महिने झाले होते.

मार्च २००२ मध्ये समितीने लिहून दिलं होतं की इराकच्या अस्त्रांबद्दलची माहिती तुरळक आणि तुटक आहे. २४ सप्टेंबरला तुम्ही कॉमन्समध्ये तिला विस्तृत, तपशीलवार आणि अधिकृत म्हणालात. प्रस्तावनेत लिहिलंत की सद्दामने रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं उत्पादन चालू ठेवल्याचं गुप्तवार्तेने निःसंशय सिद्ध झालं आहे. निःसंशय! समितीची माणसं जो शब्द जपून ठेवतात, तो तुम्ही पहिल्याच पानांवर खर्च केलात.

तुमचे अमेरिकी मित्रही याच वाटेने गेले. इराकने मागवलेल्या ६०,००० अॅल्युमिनियम नळ्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या आहेत, असं त्यांनी जगाला सांगितलं. नळीचा बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९००, भिंतीची जाडी ३.३. सेंट्रिफ्यूजचा फिरता भाग पातळ लागतो, भिंत जेमतेम एक मिलिमीटरची. जाड भिंत त्या वेगाला चालत नाही. नळ्यांवर गंजरोधक लेप होता, जो सेंट्रिफ्यूजसाठी खरवडावा लागला असता आणि उघड्यावर साठवलेल्या रॉकेटला मात्र हवाच असतो. इराककडे ८१ मिलिमीटरचं रॉकेट होतं आणि मापं त्याच्याशी तंतोतंत जुळत होती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातल्या सेंट्रिफ्यूजतज्ज्ञांनी हे सांगितलं. त्यांचं म्हणणं मागे टाकलं गेलं. तुमच्या दस्तऐवजात मात्र या नळ्यांबद्दल, त्या अणुकार्यक्रमासाठीच आहेत याची निश्चित माहिती नाही, असं प्रामाणिक वाक्य आहे. म्हणजे शंका कशी लिहायची हे तुमच्या माणसांना येत होतं.

नायजरमधून युरेनियम खरेदीची जी पत्रं अमेरिकेने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला दिली, त्यातल्या ऑक्टोबर २००० च्या एका पत्रावर ज्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती, तो १९८९ मध्येच पदावरून गेला होता. फिरत्या जैव प्रयोगशाळांची कथा एका निर्वासित इराकीने जर्मन हेरखात्याला सांगितली होती. २०११ मध्ये त्याने ती रचल्याचं उघड कबूल केलं. सद्दामचा जावई हुसेन कामेल १९९५ मध्ये जॉर्डनला पळाला. त्याने उघड केलेल्या जैव कार्यक्रमाचा दाखला तुम्ही १८ मार्च २००३ च्या भाषणात दिलात. २२ ऑगस्ट १९९५ च्या जबानीत त्याच माणसाने सांगितलं होतं की सगळी अस्त्रं नष्ट केली आहेत. ती अर्धी जबानी तुमच्या भाषणात नाही.

आणि फेब्रुवारी २००३ चा तो दुसरा दस्तऐवज. एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातले उतारे चुकांसकट उचललेले. पण जिथे मूळ लेखात इराक शत्रूदेशांतल्या 'विरोधी गटांना' मदत करतो असं होतं, तिथे तुमच्या कचेरीत 'दहशतवादी संघटना' झालं. आमच्या मराठीत याला 'ध'चा 'मा' म्हणतात. पेशव्याला 'धरावे' असं लिहिलेल्या हुकुमात एक अक्षर बदललं आणि 'मारावे' झालं, अशी ती गोष्ट. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या अक्षराने एक जीव गेला.

खरं काय आहे ते तपासायची माणसं त्या वेळी इराकमध्येच होती. २७ नोव्हेंबर २००२ ते १८ मार्च २००३ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी ४११ ठिकाणी ७३१ तपासण्या केल्या. तुमच्या आणि अमेरिकेच्या हेरखात्यांनी दिलेल्या पत्त्यांवरही ते गेले. जेमतेम तीन ठिकाणी काहीतरी सापडलं, आणि त्याचा सर्वसंहारक अस्त्रांशी संबंध नव्हता. पत्ते खोटे निघाले तर सांगणाऱ्यावर संशय घ्यायचा, हा हेरगिरीतला पहिला धडा. तुमच्या युद्धापायी निरीक्षकांना इराक सोडावा लागला. तुमचेच सहकारी रॉबिन कुक १७ मार्चला राजीनामा देताना म्हणाले की शहरावर मारा करता येईल अशा अर्थाने इराककडे बहुधा सर्वसंहारक अस्त्रं नाहीत. त्यांच्याकडे वेगळे हेर नव्हते. दुसऱ्या दिवशी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्ध मंजूर झालं.

चिलकॉट समितीनुसार २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, बहुतेक सामान्य नागरिक. दुसऱ्या एका पाहणीने २००६ पर्यंतच साडेसहा लाख सांगितले आणि तो आकडा अजून वादात आहे. मेलेल्यांचा आकडा लाखांनी मागेपुढे होतो आणि कुणाचंही काही अडत नाही, एवढी स्वस्त झाली ती माणसं! ब्रिटनचे १७९ सैनिक गेले. शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली पत्रकाराशी या दस्तऐवजाबद्दल बोलले, त्यांचं नाव बाहेर आलं, आणि जुलै २००३ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. सुरक्षा परिषदेतल्या देशांवर पाळत ठेवण्याचा अमेरिकी बेत उघड करणाऱ्या ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या दुभाषी कॅथरिन गन यांच्यावर खटला भरला गेला. तो फेब्रुवारी २००४ मध्ये सोडून द्यावा लागला. स्कार्लेट त्याच वर्षी एमआय-६ चे प्रमुख झाले. तुम्हाला 'सर' ही पदवी मिळाली. वाक्य बदलायला लावणारे पॉवेल यांची नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून नेमणूक झाली. २०१७ मध्ये एका माजी इराकी सेनाधिकाऱ्याने तुमच्यावर खटला चालवण्याची परवानगी मागितली, तेव्हा लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की आक्रमणाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातच नाही. युद्धाआधी संसदेचं मत घेण्याचंही बंधन कायद्यात नाही, तो केवळ प्रघात आहे. एप्रिल २०१८ मध्ये सीरियावर मारा करताना मत घेतलं नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता संचालकांनी सिनेटला सांगितलं की इराण अण्वस्त्र बनवत नाही असंच आपल्या खात्यांचं मत आहे. जूनमध्ये अध्यक्षांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं आणि २२ तारखेला बॉम्ब पडले. तुमच्या काळात निदान शंका खोडायचे कष्ट घेत होते. आता शंका समोर असूनही कुणी थांबत नाही. ही वाट तुम्ही रुळवली, आणि त्याची शिक्षा कुणालाच झाली नाही म्हणून ती रुळली.

ब्रिटनच्या संसदेकडून एक अपेक्षा आहे. युद्धाच्या मतदानाआधी प्रत्येक सदस्याला समितीचं मूळ मत वाचायला मिळालं पाहिजे: बातमी किती स्वतंत्र माणसांकडून आली, कितींनी स्वतः पाहिलं, कोणत्या जाणकाराने कशावर आक्षेप घेतला, हे लिहिलेलं. हेरांची नावं न देता हे करता येतं. आणि जाहिरनामा लिहिणाऱ्याच्या हाती त्या मताची लेखणी जाता कामा नये.

तुमच्याकडून दोनच. 'निःसंशय' हे विधान चूक होतं, असं स्वतःच्या सहीने लिहा आणि तो शब्द मागे घ्या. आणि ४५ मिनिटांचे ते गोळे रणांगणापुरतेच होते हे तुम्हाला कोणत्या दिवशी, कोणाकडून कळलं, ते तारखेसह सांगा. तोवर गाझाच्या मंडळात बसू नका.

एक नागरिक