नदीकाठचा फ्लॅट आणि पूररेषा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलासाठी नाशिकच्या गंगापूर रोडला, आनंदवलीच्या पुढे, दोन बेडरूमचा फ्लॅट बघतो आहोत. आमची हयात भांडी बाजारातल्या वाड्यात गेली. आता मोकळ्या हवेत राहू असं मुलगा म्हणतो आणि मलाही ते पटतं.

एका साइटवर अकराव्या मजल्याच्या गॅलरीत उभं करून आम्हाला गोदावरी दाखवली. नदी खरोखर सुंदर दिसते. ‘रिव्हर व्ह्यू’चे जास्तीचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावलेले होते. मी विचारलं, पुराची निळी रेषा कुठून जाते? दाखवणाऱ्या मुलाने माहितीपत्रक उलटंपालटं केलं. त्यात क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक, देऊळ, सगळं होतं, पूररेषा नव्हती. मग त्याचे साहेब आले. म्हणाले, “काकू, अकराव्या मजल्यावर पाणी कसं येईल?”

नाहीच येणार. पण विजेचे मीटर खाली, जमिनीतली टाकी आणि पंप खाली, गाड्याही खालीच. सप्टेंबर २००८ मध्ये, ऐन पितृपंधरवड्यात, नदी आमच्या वाड्यात शिरली तेव्हा आम्ही माडीवर कोरडेच होतो. जिन्याच्या सात पायऱ्या पाण्यात, दिवे गेलेले, सासूबाईंना दम्याचा झटका आलेला आणि त्यांना खाली न्यायला वाट नाही. पाणी उतरल्यावर गाळ काढण्यात आठ दिवस गेले. हौद तीनदा उपसला तरी पाण्याला वास येत होता. माडीवरच्या माणसाला पूर लागत नाही, हे मला कोणी सांगू नये.

त्याच दिवशी ५१ हजार टोकन देऊन मजला ‘ब्लॉक’ करा, असा आग्रह होता. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण नकाशा न बघता ५१ हजार तरी का द्यायचे? मुलाने मंजूर नकाशा मिळवून ओळखीच्या आर्किटेक्टला दाखवला. इमारत लाल रेषेच्या बाहेर आहे. क्लबहाऊस आणि पाहुण्यांचं पार्किंग मात्र निळ्या आणि लाल रेषेच्या मधे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मधल्या पट्ट्यात जोतं उंच ठेवून बांधायला परवानगी मिळते, तेव्हा यात बेकायदा काही आहे असं मी म्हणत नाही. विचारल्यावरही सांगितलं नाही, ही माझी तक्रार आहे.

गावात आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की खालचं सामान वर न्यायला लागायचं, हे पोरांनाही ठाऊक. गंगापूर रोडला नव्याने राहायला आलेल्यांनी कशाकडे बघायचं? महापालिकेने आनंदवली ते सोमेश्वर काठाकाठाने दोन्ही रेषांचे रंगवलेले दगड रोवावेत आणि २००८ चं पाणी कुठवर आलं होतं, तीही खूण करावी. नदीकाठच्या प्रत्येक प्रकल्पाच्या माहितीपत्रकात, नदीचा फोटो असतो त्याच पानावर, या रेषा छापणं सक्तीचं करावं.

मुलाला तो फ्लॅट अजून आवडतो. पंप आणि मीटर लाल रेषेच्या वर घेणार का, हे आम्ही लेखी विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत टोकन देणार नाही.

एक गृहिणी,
भांडी बाजार, नाशिक