पोर्ट लुईला रविवारी नेऊ नका

महोदय,

दिवाळीच्या सुटीतील मॉरिशस सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की त्यात ‘पोर्ट लुई शहरदर्शन’ अशी एक ओळ हमखास दिसते. हे दर्शन बहुतेक वेळा रविवारी किंवा कुठल्या तरी दिवशी संध्याकाळी चारनंतर उरकले जाते. नेमके त्याच वेळी हे शहर मिटलेले असते. पोर्ट लुई हे कचेऱ्यांचे, बँकांचे आणि बंदराचे गाव. इथे काम करणारे बरेच जण रोझ हिल, क्युरपिप अशा उंचावरच्या, थंड गावांतून सकाळी येतात आणि पाचच्या सुमारास परततात. त्यांच्यामागोमाग दुकानेही बंद होतात. शनिवारी दुपारनंतर शुकशुकाट, आणि रविवारी मध्यवर्ती बाजार दुपारपर्यंतच. मग पर्यटकांना बंदराकाठच्या कोदाँ वॉटरफ्रंटच्या दुकानांत सोडायचे, फोटो काढायचे आणि ‘राजधानी पाहिली’ म्हणायचे. दुकाने तर ठाण्यातही आहेत!

सोमवार ते शुक्रवार यांपैकी एक सकाळ या शहराला पुरते, कारण पाहण्यासारखे जवळजवळ सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुक्काम रोझ हिल, कात्र बोर्न किंवा क्युरपिपच्या बाजूला असेल तर बस किंवा मोटार शहरात घालूच नये. सकाळी सगळे बेट एकाच दिशेने निघालेले असते. मेट्रोने यावे. ही मेट्रो आपल्याच लार्सन अँड टुब्रोने बांधली, 2020 पासून ती प्रवाशांसाठी धावते आणि 2022 मध्ये क्युरपिपपर्यंत पोचली. विमानतळाला मात्र ती जात नाही. उत्तरेकडे ग्राँ बे भागात उतरलेल्यांना बसच घ्यावी लागते. ती इमिग्रेशन स्क्वेअरला आणून सोडते.

तिथून हाकेच्या अंतरावर आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले मजूर जिथे उतरवले जात तो जुना डेपो आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलास’ जहाजातून 36 करारबद्ध मजूर या बंदरात आले. पुढे 1920 च्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय बेटावर आले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही. त्यांत रत्नागिरी व कोकणातले आपले लोक होते. बंदरातून आत येण्याच्या सोळा दगडी पायऱ्या, रुग्णालयाच्या काही खोल्या, निवाऱ्याच्या जोत्यांचे अवशेष असे थोडेच उरले आहे, कारण रस्ते आणि नंतरच्या बांधकामांनी डेपोचा बराच भाग गिळला. म्हणून नुसते आत जाऊन बाहेर आलात तर ‘यात काय आहे?’ असेच वाटेल. आधी शेजारच्या माहिती केंद्रात अर्धा-पाऊण तास घालवावा, मग पायऱ्यांपाशी यावे. 2006 पासून हे युनेस्कोचे वारसास्थळ आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शनिवारी दुपारपर्यंतच उघडे, रविवारी बंद. 2 नोव्हेंबर आणि दिवाळी या दोन्ही दिवशी तिथे सार्वजनिक सुटी असते, हे दिवाळीच्या सहली आखणाऱ्यांनी आधीच पाहावे. 2 नोव्हेंबरला घाटावर सरकारी समारंभ असतो.

कुणाला आपल्या घराण्यातून गेलेल्या माणसाचा माग काढायचा असेल तर तो घाटावर लागत नाही. आगमनाच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत; त्यात क्रमांक, जहाज, वडिलांचे नाव, जात, गाव असे तपशील सापडतात. आधी पत्रव्यवहार करूनच जावे. गावाचे नाव आजच्या स्पेलिंगने शोधू नये. त्या काळी रत्नागिरीचेच ‘रुटनाघेरी’ होत असे.

घाटापासून पाच-दहा मिनिटांवर मध्यवर्ती बाजार. इथे ‘एन पेर दालपुरी’ मागावी, म्हणजे जोडी मिळते. हळद घालून शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे कोरडे सारण, मैद्याची पातळ पोळी, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी. गुळाविना पुरणपोळीच म्हणा. तिखट नको असेल तर ‘सान पिमा’ सांगावे, कारण मिरचीची चटणी न विचारता घातली जाते.

बाजारातून भुयारी मार्गाने कोदाँला गेले की ब्लू पेनी म्युझियम. 1847 ची, ‘पोस्ट ऑफिस’ असे छापलेली दुर्मीळ टपाल तिकिटे, एक पेनीचे आणि दोन पेन्सचे, इथे आहेत. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून जेमतेम दहा मिनिटे दिवा लागतो, एरवी प्रतिकृती दिसते. आत जाण्याआधीच पुढची वेळ विचारावी. रविवारी हेही बंद!

फोर्ट अॅडलेड, म्हणजे सिटाडेल, टेकडीवर आहे. गुलामगिरी संपवल्याने फ्रेंच मळेवाले बंड करतील या धास्तीने इंग्रजांनी तो बांधायला घेतला, असे सांगतात. वरून बंदर, डोंगरांची कड आणि 1812 पासूनचे शाँ द मार्स हे रेसकोर्स एका नजरेत येते. 12 मार्च 1968 रोजी मॉरिशसच्या स्वातंत्र्याचा झेंडा याच रेसकोर्सवर फडकला. चढ छोटा असला तरी उन्हात जीव काढतो. आग्नेयेचे वारे डोंगरांमागे अडतात, त्यामुळे शहर बाकी बेटापेक्षा तापते. नोव्हेंबरपासून पुढे सकाळी दहाच्या आत चढावे किंवा टॅक्सी करावी.

जानेवारी ते मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी एवढेच, की डोंगरावरचे पाणी सरळ याच शहरात उतरते. 30 मार्च 2013 च्या ढगफुटीत इथे 11 जण गेले, त्यातले काही त्याच कोदाँच्या भुयारी मार्गात अडकून. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात मोटारी वाहून गेल्या. जोराचा पाऊस सुरू झाला तर त्या मार्गात उतरू नये, बाजाराच्या बाजूलाच थांबावे.

— एक वाचक, ठाणे